कुपोषणाशी लढलेल्या बायांचा इतिहास कोणाच्या नावावर?

कुपोषणाने एखादं मूल दगावलं की दोन-चार दिवस वर्तमानपत्रांत मथळे येतात. मंत्र्यांचे दौरे होतात, नोटिसा निघतात, आणि शेवटी दोष दोन बायांवर येऊन पडतो. एक त्या मुलाची आई, कारण ती "अडाणी". दुसरी गावातली अंगणवाडी सेविका किंवा आशाताई, कारण तिने "वेळेवर कळवलं नाही". कुपोषण कमी झालं तर मात्र या दोघी कुठेच दिसत नाहीत. श्रेय योजनेला मिळतं, अधिकाऱ्याला मिळतं, डॉक्टरला मिळतं.

हे असं का होतं, हा आमचा प्रश्न आहे. आम्ही वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते आहोत. मुलाच्या दंडाला पट्टी लावणारे हात कोणाचे असतात आणि सत्काराची शाल कोणाच्या खांद्यावर पडते, हे आम्ही रोज बघतो. म्हणून या लढ्याचा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

भुकेला जात असते

कुपोषण हा गरिबीचा प्रश्न आहे, त्यात जात आणू नका, असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. पण आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण अनुसूचित जमातींत सुमारे ४१ टक्के आणि अनुसूचित जातींत ३९ टक्के होतं. जे अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी यांपैकी कशातच मोडत नाहीत, त्यांच्यात ते ३० टक्के होतं. पोट सगळ्यांना सारखंच दिलेलं असताना हा फरक कुठून आला?

तो इतिहासातून आला. गावगाड्यात महाराचं अन्न म्हणजे येसकराने दारोदार फिरून मागून आणलेली शिळी भाकर आणि मेलेल्या जनावराचं मांस. जमीन नाही, विहिरीला हात लावायचा नाही, दूध-दुभतं नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या आईच्या ताटात उरलंसुरलं आलं, तिच्या पोटी कमी वजनाचं बाळ जन्मलं तर त्यात नशिबाचा काय संबंध? तरी आपल्याच वस्त्यांत अजून सांगतात की पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला तळ्याचं पाणी तर प्यायलंच, पण त्याच परिषदेत शिळे तुकडे मागणं आणि मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असंही सांगितलं. महाड म्हणजे फक्त पाण्याचा सत्याग्रह असं आपण शिकतो. आमच्या मते तो पोषणाच्या हक्काचाही जाहीरनामा होता. अन्न मिळालं पाहिजे, पण ते भिकेचं नको, हा त्याचा अर्थ.

त्याआधीही हा धागा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतिराव आणि सावित्रीबाई यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळात सापडलेल्या मुलांना जेवू घातलं. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. "आरोग्य सेविका" हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे एक आरोग्य सेविका होऊन गेली, आणि ती शिक्षिकाही होती. शिकवणं आणि जगवणं ही दोन कामं तिच्यासाठी वेगळी नव्हती. पुढचं सगळं याच सूत्रावर तपासायचं आहे.

जामखेड : ज्यांना कोणी शिकवलं नाही त्या शिकल्या

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. दुष्काळी मुलूख. त्यांच्या नोंदींनुसार तिथे जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पाच वर्षांखालची सुमारे ४० टक्के मुलं कुपोषित होती.

डॉक्टरांनी सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत नेमून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरची बाई गावात राहायला तयार नव्हती, आणि तिचं बोलणं गावातल्या बाईला आपलं वाटत नव्हतं. मग गावातलीच एक बाई निवडायची आणि तिलाच शिकवायचं, असं ठरलं. या बायांत अनेक दलित होत्या, बहुतेक निरक्षर होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. गावाच्या हिशेबात ज्यांची किंमत शून्य, त्यांच्या हातात गावाच्या आरोग्याची किल्ली दिली गेली.

या बाया काय शिकल्या? मुलाचं वजन करायचं आणि ते तक्त्यावर मांडायचं. वाढीची रेघ वर जाते, आडवी होते की खाली येते, ते ओळखायचं. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजायचं आणि अंगावरचं दूध तोडायचं नाही. पहिला चीक फेकून द्यायचा नाही. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं. गोवर, खोकला, क्षयरोग यांनी मूल कसं खंगतं आणि खंगलेलं मूल याच रोगांना पुन्हा कसं बळी पडतं, हे चक्र समजून घ्यायचं. यातली एकही गोष्ट समजायला पदवी लागत नाही. शिकवणारा माणूस आणि तुम्ही शिकू शकता हा विश्वास एवढंच लागतं. शतकानुशतकं आपल्याला नेमका तोच नाकारला गेला होता.

जामखेडचं प्रशिक्षण एकदाच उरकून प्रमाणपत्र देणारं नव्हतं. बाया पुन्हा पुन्हा केंद्रात यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, चुकलं ते दुरुस्त करायच्या, नवीन शिकून परत जायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बाया तिथे एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. ज्या बाईने आयुष्यात दुसऱ्या जातीच्या बाईसोबत भाकर मोडली नव्हती, तिने ती तिथे मोडली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही सहभोजनावर निबंध लिहिले. इथे ते अभ्यासक्रमाचाच भाग होतं.

आता पाण्याचं बघा. विंधनविहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या जातील याची काळजी आरोळ्यांनी घेतली. तहान लागली की सवर्णालाही वस्तीत यावं लागलं. महाडला आपण तळ्यावर गेलो होतो, इथे तळं वस्तीत आलं. स्वच्छ पाण्याने जुलाब कमी होतात आणि जुलाब कमी झाले की वजन वाढतं, हे कोणतंही पाठ्यपुस्तक सांगेल. पाण्याची जागा बदलली की गावातली उतरंडही हलते, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसतं.

गावोगावी तरुण शेतकऱ्यांची आणि महिलांची मंडळं उभी राहिली, लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालली. बालमृत्यूचं प्रमाण १९९० च्या दशकात हजारी ३० च्या खाली आलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्या डॉक्टरांनी ज्ञान वाटून टाकलं, आणि या देशात ज्ञान वाटणं हीच मोठी बंडखोरी आहे.

पण मुक्ताबाई पोळ हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलं आहे? १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडची ही ग्राम आरोग्य कार्यकर्ती बोलायला उभी राहिली. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून तिने डॉक्टरांना झुंबरांची उपमा दिली. सुंदर, पण महाग आणि दूर. मग तिने पणत्या काढल्या. एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी पेटवून दाखवली. आम्ही या पणत्या आहोत, स्वस्त आणि एकीवरून दुसरी पेटणाऱ्या, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. ज्ञानाच्या लोकशाहीवर यापेक्षा नेमकं भाष्य आम्ही विद्यापीठात ऐकलं नाही.

सरकारने काय उचललं आणि काय सोडलं

जामखेडसारख्या प्रयोगांची दखल जागतिक आरोग्य संघटनेने घेतली. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवा लोकांच्या सहभागातून उभी करायचं मान्य केलं. आपल्या सरकारनेही योजना आणल्या. पण कोणत्या?

२ ऑक्टोबर १९७७ रोजी गावोगावी आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू झाली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये. कल्पना चांगली होती. पण निवड गावातल्या वजनदार मंडळींच्या हातात राहिली आणि नेमले गेले ते बहुतांशी पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत शिरू न शकणारा माणूस सहा महिन्यांच्या बाळाच्या आहाराचं काय सांगणार? पुढे त्याचं नाव बदलून "स्वयंसेवक" झालं, मग "आरोग्य रक्षक", आणि योजना विरून गेली. प्रशिक्षणाचे महिने उचलले, पण कोणाला निवडायचं हा मूळ प्रश्न सोडून दिला.

त्याच्या दोन वर्षं आधी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बाल विकास सेवा योजना म्हणजे अंगणवाडी देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली होती. महाराष्ट्रात शहरी भागातून धारावी आणि आदिवासी भागातून मेळघाटातलं धारणी निवडलं गेलं. आता हे लक्षात ठेवा. ज्या धारणीत देशातल्या पहिल्या अंगणवाड्या आल्या, त्याच मेळघाटातले कोरकू मुलांचे कुपोषणबळी १९९३ साली साऱ्या देशाने वाचले. अठरा वर्षं योजना होती, वजनकाटा होता, रजिस्टर होतं. मग मुलं का मेली?

आमचं उत्तर असं आहे. अंगणवाडीच्या बाईला वजन लिहायला शिकवलं गेलं, पण वजन घटलं तर काय करायचं याचा अधिकार, साधनं आणि पाठबळ तिला दिलं नाही. मूल लाल रेघेखाली गेलं तर डॉक्टर कुठे? रस्ता कुठे? पावसाळ्यात काम नसताना आईच्या घरात धान्य कुठे? तक्ता वरच्या साहेबांसाठी भरला जात होता. आईला तो कोणी दाखवत नव्हतं. जिथे ज्ञान फक्त वर जातं आणि खाली येत नाही, तिथे रजिस्टर फुगतं आणि मूल वाळतं.

पुढे २००५ मध्ये महाराष्ट्रात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आलं, त्याच वर्षी देशात आशा आली. कुपोषित मुलासाठी गावातच ग्राम बाल विकास केंद्र भरवायचं, दिवसातून अनेकदा थोडं थोडं पण ताकदीचं खाणं द्यायचं, आणि गुंतागुंत असेल तरच दवाखान्यात पाठवायचं, ही पद्धत राज्यात रुजू लागली. जगातही हेच घडत होतं. तीव्र कुपोषित मुलांपैकी ज्यांना भूक लागते आणि दुसरा गंभीर आजार नाही, त्यांच्यावर समाजातच उपचार करता येतात, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००७ साली इतर संस्थांसह जाहीर केलं. जामखेडच्या बायांना हे तीस वर्षं आधीपासून माहीत होतं. २००५-०६ मध्ये राज्यातली दोन वर्षांखालची सुमारे ३९ टक्के मुलं खुरटलेली होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण २३ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली.

पण २०१९-२१ च्या सर्वेक्षणाने पुन्हा आरसा दाखवला. राज्यात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली, २५.६ टक्के लुकडी, आणि त्यांतली तीव्र लुकडी १०.९ टक्के. हा शेवटचा आकडा आधीच्या फेरीत ९.४ होता, म्हणजे तो वाढला. पुढारलेलं म्हणवणाऱ्या राज्यात दर दहा मुलांमागे एक मूल मरणाच्या उंबरठ्यावर.

पट्टी साधी असते, प्रश्न साधा नसतो

आम्ही एका तालुक्यात प्रशिक्षणाला बसलो होतो. शिकवणारे साहेब पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं भराभरा वाचत होते. बायांनी वह्या उघडल्या आणि मिटल्या. जेवणानंतर एका ज्येष्ठ सेविकाताईंनी पट्टी मागून घेतली आणि शेजारच्या घरातून एक मूल आणलं. खांदा आणि कोपर यांचा मध्य कसा काढायचा, पट्टी आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही, ११.५ सेंटीमीटरच्या आत आलं तर लाल, १२.५ पर्यंत पिवळं, हे त्यांनी पाच मिनिटांत दाखवलं. मग दोन्ही पायांवर अंगठे दाबून धरले. "खड्डा राहिला तर सूज आहे. अशा पोराला बघून सासू म्हणते बाळसं धरलंय. ते बाळसं नाही बाई, ते मरण आहे." साहेब गप्प झाले. त्या दिवसाचं खरं प्रशिक्षण ताईंनी दिलं. भत्त्याच्या यादीत प्रशिक्षक म्हणून नाव मात्र साहेबांचं.

त्याच तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी देवळाच्या आवारात होती. वस्तीतल्या आया मुलांना तिथे पाठवत नव्हत्या. कागदावर कारण होतं "पालकांची उदासीनता". आम्ही विचारलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पोराला पायरीच्या खाली बसवतात. त्यापेक्षा घरी उपाशी बरं." ही उदासीनता आहे की स्वाभिमान? त्या स्वाभिमानाची किंमत मात्र दोन वर्षांच्या पोरीचा दंड देत होता. तो लाल पट्टीत होता.

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला की नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावं, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. हा आदेश किती वस्त्यांना माहीत आहे? आम्ही मुलं मोजली, ४७ निघाली. अर्ज दिला. तीन महिन्यांत नाही, पण चौदा महिन्यांनी वस्तीत समाजमंदिरात अंगणवाडी भरली. त्या पोरीचं वजन आता तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात आहे. सटवाईने लिहिलेलं खोडायला ४७ मुलांची यादी आणि एक अर्ज लागला.

मानधन म्हणजे नवं बलुतं?

इथे आमच्याच मित्रांचा एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. ते म्हणतात, तुम्ही दलित-आदिवासी बाईला आरोग्याचं काम शिकवता म्हणजे तिच्यावर आणखी एक फुकटचं काम लादता. पूर्वी गावची घाण काढायची, आता गावची पोरं सांभाळायची.

हा आक्षेप आम्ही झटकणार नाही. जामखेडच्या बायांनाही नोकरदारासारखा पगार नव्हता. बचत, कर्ज आणि छोट्या धंद्यांतून त्यांनी आपली घरं उभी केली. सरकारने तर त्यावर कळसच केला. अंगणवाडी सेविकेला "मानधन" आणि आशाला "मोबदला". पगार हा शब्द कुठेच नाही. महार वतनात काय होतं? सरकारचं, गावचं सगळं काम करायचं, वेळेची मर्यादा नाही, आणि बदल्यात वतनाचा "मान" व दारोदारची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच गुलामीविरुद्ध. ती वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. काम सरकारचं असेल तर माणूस सरकारी नोकर आणि मोबदला रोख पगार, हे तत्त्व आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं. मग २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत असं म्हटलं तेव्हा आपण गप्प का बसलो? २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तो बायांनी लढून मिळवला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. जगाने मान दिला, धन अजून बाकी आहे.

पण म्हणून शिकवायचंच नाही का? इथे आम्ही मित्रांपासून वेगळे होतो. शोषण मजुरीत आहे, ज्ञानात नाही. बलुतेदाराला काम होतं, पण त्या कामाने त्याच्या हातात सत्ता येत नव्हती. मुलाच्या वाढीची रेघ वाचू शकणारी बाई ग्रामसभेत उभी राहून विचारू शकते की आमच्या वाट्याचा आहार कुठे गेला. ठेकेदारांना आहार पुरवठ्यातून दूर ठेवा, असं न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं असताना पाकिटं कुठून येतात, हे ती विचारू शकते. दुसऱ्या बाजूला काही जण म्हणतात, एवढी उस्तवार कशाला, तयार औषधी खाऊचं पाकीट द्या, झालं. तीव्र कुपोषित मुलाला त्याने जीवदान मिळू शकतं, हे आम्ही नाकारत नाही. पण पाकीट संपल्यावर मूल त्याच घरात, त्याच रोजगारात, त्याच पाण्यावर परत जातं. पाकीट प्रश्न विचारत नाही. शिकलेली बाई विचारते.

आळवी नगरीतली बुद्धकथा आपण विहारात ऐकतो. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून थकून उशिरा पोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितलं आणि मग धम्म सांगितला. त्या कथेत आम्हाला करुणा दिसते, तसाच क्रमही दिसतो. उपाशी पोटी प्रज्ञा नाही. आणि दुःखाला कारण असतं, कारण दूर करता येतं, हेच तर प्रत्येक आरोग्य कार्यकर्तीला पहिल्या दिवशी शिकवलं पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. आशा आणि अंगणवाडी सेविका-मदतनीस यांना कायम कर्मचारी करून पगार द्या. प्रशिक्षण मराठीत आणि बोलीत द्या, दर महिन्याला द्या, आणि अनुभवी ताईंना प्रशिक्षक म्हणून नेमा. निवडीत वस्ती-पाड्यावरच्या बाईला प्राधान्य द्या. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं फडावरच्या कोपीत मोजली जातील आणि तिथेच आहार मिळेल असं करा. संविधानाच्या कलम ४७ ने पोषण वाढवणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं आहे, ते उपकार म्हणून दाखवू नका.

आणि आपण काय करायचं? १४ एप्रिलला डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला थोडा भाग वजनकाट्यावर खर्च करा. आपल्या विहारात महिन्यातून एकदा मुलांची वजनं घ्या. वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करा, ४० भरली आणि अंगणवाडी नसेल तर अर्ज द्या. आणि आपल्या वस्तीतल्या आशाताईला विचारा, ताई, या महिन्याचं मानधन आलं का?

जयभीम! नमो बुद्धाय!